'इथे हसतील. थांब.'

काका,

परवा प्रयोग संपल्यावर तुमच्या पाया पडलो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याआधी मी दोघांकडे या विनोदी नाटकाच्या पदांच्या चाली घेऊन गेलो होतो. एकाने मुखडाही पुरता ऐकला नाही. "विनोदी नाटकाला कसलं संगीत? पंच पडला की झांज वाजवायची," म्हणाला. दुसऱ्याने चार महिने वही ठेवून घेतली आणि न उघडताच परत केली. ज्या रंगभूमीवर देवलांचं 'संशयकल्लोळ' झालं, तिथे पदं आणि हशा एकत्र नांदतात हे पटवून द्यावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं.

तुम्ही पायपेटीशी बसून माझ्या सातही चाली ऐकल्यात. मग खिशातून पेन्सिल काढलीत, तिसऱ्या पदाच्या दुसऱ्या ओळीपुढे उभी रेघ मारलीत आणि बारीक अक्षरात लिहिलंत, 'इथे हसतील. थांब.'

नेमकी तिथेच मी तान भरली होती. ती काढ, असं तुम्ही म्हणाला नाहीत. केरवा तालाची दोन आवर्तनं नुसती वाजवून दाखवलीत. हशा ओसरेपर्यंत नटाच्या कानात सूर राहिला पाहिजे, नाहीतर पुढची ओळ बुडते, एवढंच सांगितलंत. माझी मान खाली जाऊ न देता माझी चूक दाखवलीत, काका. असं शिकवणारी माणसं फार थोडी भेटतात.

मग संगीतकार आनंद मोडकांचा विषय निघाला. १९७४ च्या 'महानिर्वाण' नाटकात कीर्तनाच्या ढंगात मरणावर हसवणारं संगीत त्यांचं, आणि २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' सिनेमाचंही त्यांचंच. सिनेमात संकलन झालं की जागा पक्क्या होतात, नाटकात हशा रोज वेगळा येतो, हा फरक त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नीट कळला.

पहिल्या प्रयोगाला त्या रेघेपाशी लोक हसले ते थांबेचनात. दोन आवर्तनं झाली, तीन झाली. तुमचे डोळे नटावर आणि बोटं त्याच सुरांवर. चौथ्या आवर्तनाला त्याने श्वास घेतला, तुम्ही मान हलवलीत, आणि पुढची ओळ शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. विंगेत मी रडत होतो.

तुमची पेन्सिल माझ्या वहीतच राहिली आहे. सोमवारी तालमीला घेऊन येतो.