आई-बाबांना: रॉड ब्रिंडामोर बेंचमागे उभा राहून करतो काय?

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, खेळाडू सारखे आत-बाहेर करतात, मग त्यांच्या मागे उभा असलेला कोटवाला नुसता च्युइंग गम चघळतो का, असं तुम्ही विचारलंत. तर ऐका. आमच्या इथल्या आइस हॉकी संघाचा, कॅरोलिना हरिकेन्सचा, तो कोटवाला म्हणजे कोच रॉड ब्रिंडामोर. 1989 ते 2010 या काळात एनएचएलमध्ये (इथली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) 1484 सामने खेळला. 2000 मध्ये फिलाडेल्फियाहून इकडे आला आणि 2006 मध्ये कॅप्टन म्हणून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही बचावात उत्तम फॉरवर्ड म्हणून सेल्की ट्रॉफी त्यालाच मिळाली. कोच म्हणून तो काय करतो ते या ट्रॉफीतच आहे.

तो सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, होता, फेस-ऑफमधला वस्ताद. पंच दोघांच्या मधे पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) टाकतो तो क्षण म्हणजे फेस-ऑफ. बचाव करणाऱ्याने स्टिक आधी टेकवायची, हल्ला करणाऱ्याने नंतर, म्हणजे हल्लेखोराला पापणी लवण्याइतका फायदा. डावीकडून स्टिक धरणाऱ्याला डाव्या वर्तुळात पक उलट्या हाताने मागे ओढायला जोर मिळतो, उजव्याला उजवीकडे. घाई केली की पंच सेंटरला वर्तुळाबाहेर काढतो आणि दुसऱ्याला उभं राहावं लागतं. म्हणून महत्त्वाच्या फेस-ऑफला कोच दोन सेंटर एकदम उतरवतात.

आता अदलाबदल. खो-खोसारखंच, खेळ न थांबता. एक शिफ्ट साधारण 45 सेकंदांची. त्यापुढे पाय जड होतात. बाहेर येणारा बेंचपासून पाच फुटांच्या आत यायच्या आधीच दुसरा उतरून खेळात पडला, तर दोन मिनिटांची शिक्षा, तेवढा वेळ एक खेळाडू कमी. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात आणि आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. दमलेले पाच जण तिकडेच अडकतात, गोल होतात. त्यातच कोणी सुटकेसाठी पक मधल्या रेषेच्या अलीकडून थेट पलीकडच्या टोकाला भिरकावला (याला आयसिंग म्हणतात), तर त्याच दमलेल्या पाचांनी फेस-ऑफ घ्यायचा. बदली नाही!

खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाने आधी माणसं बदलायची, यजमानांनी नंतर. रॅलेमध्ये ब्रिंडामोर समोरची बलाढ्य लाइन (एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड) उतरलेली पाहतो आणि मगच जॉर्डन स्टालची लाइन तिच्या अंगावर सोडतो. बाहेरगावी ही सोय नाही, तिथे खेळ चालू असतानाच बदल साधावा लागतो.

2011 मध्ये तो सहायक कोच झाला, मुख्य कोच व्हायला 2018 उजाडलं. त्याआधी संघ सलग नऊ हंगाम प्लेऑफबाहेर (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांबाहेर) होता. 2019 ते 2025 मध्ये एकदाही बाहेर राहिला नाही. पद्धत साधी पण दमवणारी: पक गेला की प्रत्येकाने आपला एकेक माणूस धरायचा, पहिल्याने थेट पकवाल्याच्या अंगावर जायचं, मागच्या बचावपटूंनीही पुढे सरकायचं. एकजण जरी चकला तरी मागे मैदान मोकळं. फेब्रुवारी 2020 मध्ये टोरांटोत आमचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले, तेव्हा डेव्हिड एअर्स हा 42 वर्षांचा हौशी गोलकीपर उतरला. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि संघ 6-3 जिंकला. समोरच्यांना फटकेच फारसे मारू दिले नाहीत, तिथे या पद्धतीचं मोल दिसलं.

कौतुकापुढे हेही सांगते: 2019, 2023 आणि 2025 च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये (स्टॅनली कपच्या अंतिम फेरीआधीची फेरी) मिळून 13 पैकी एकच सामना जिंकला. 2023 मध्ये तर चारही पराभव एकेका गोलने. भरपूर फटके मारायचे, पण गोलसमोरच्या गर्दीतून घुसून मारणारा कमी, असं माझं मत. बाबा, तुम्ही यावर वाद घालालच.

आई, पक दिसत नाही म्हणून कंटाळू नकोस. बेंचच्या दाराकडे बघ, कोण कधी उडी मारतो ते. इथले सातचे सामने थंडीत तिकडे पहाटे साडेपाचला लागतात. बाबांचा चहा तेव्हाच असतो ना?

तुमची,
मनू