परवाच्या फोननंतर

नगर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "प्रार्थनेला बसतो, पण शब्दच फुटत नाही रे. माझा विश्वास संपला की काय?" तेवढ्यात सिस्टरने हाक मारली आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज उपासनेहून आलो, दोन घास खाल्ले आणि लिहायला बसलो. हे मला बोलून नीट सांगता आलं नसतं.

वहिनींचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तुझे खाडे, कापला जाणारा पगार, त्यात धाकटीची दहावी. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो, "देवाची इच्छा. तो परीक्षा घेतो." मी तुला हे सांगणार नाही. माझ्या हिच्या आजारपणात ते इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी दाराची बेल वाजली तरी पोटात गोळा यायचा. बायबलमधला ईयोब, सगळं गमावून बसलेला. त्याचे मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी अवाक्षर काढलं नाही. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि चुकत गेले. शेवटी देवानेच त्यांना सुनावलं की माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. आणि ईयोब काय कमी बोलला होता? जन्मदिवसाला शाप देण्यापर्यंत गेला होता.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. ही गेल्यावर दोन महिने मी तिच्या बायबलला हात लावला नाही. लावला, तेव्हा आत खुणेसाठी औषधाच्या दुकानाची पावती सापडली. अक्षरं उडून कागद जवळजवळ कोरा झालेला. पान होतं ८८व्या स्तोत्राचं. पानाची कड बोटं लागून मऊ पडलेली आणि तिला बामाचा वास. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी उजाडतं, स्तुती येते. या स्तोत्रात ते होत नाही. ते अंधारातच संपतं.

येणाऱ्याजाणाऱ्याला "प्रभू चांगला आहे" म्हणणारी ही बाई रात्री हे वाचत होती! मला आधी रागच आला. मला का नाही सांगितलं? मग ते स्तोत्र मीच पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसाची सगळी तक्रार देवाकडेच आहे. पहिल्याच ओळीत तो त्याला आपल्या तारणाचा देव म्हणतो आणि मग रात्रंदिवस हाका मारतो. म्हणजे ही जे मला बोलली नाही ते त्याला बोलत होती, आणि दिवसा जे सांगायची तेही खरंच होतं. म्हणून म्हणतो, तुझा विश्वास संपलेला नाही. संपला असता तर तू प्रार्थनेला बसलाच नसतास.

आपण तरुण संघातून केडगावला गेलो होतो, आठवतं? आपल्या नगरचं नव्हे, दौंडजवळचं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून पंडिता रमाबाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती या आश्रमात सांभाळल्या, हे ऐकून आपण भारावलो होतो. आता मला त्यांचं १९२१ साल जास्त आठवतं. आईवडील, भाऊ, नवरा, सगळे कधीच गेलेले. त्या वर्षी मनोरमा गेली, एकुलती एक, वय ४०. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा ती लेक. रमाबाई ६३ वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. त्या दुःखातही त्यांनी ते सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. लेकीला पुरून आल्यावर त्याच देवाच्या वचनापुढे पुन्हा बसणं, याला मी विश्वास म्हणतो. त्यासाठी मन हलकं असावं लागत नाही.

आणि लाजराची गोष्ट, मार्था आणि मरीयेच्या आजारी भावाची. निरोप मिळूनही प्रभू येशू दोन दिवस निघाला नाही, आणि लाजर गेला. मार्था आणि मरीया, दोघींनीही त्याला तेच ऐकवलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो त्यांच्यावर रागावला नाही. रडला. लाजर मेलेल्यांतून उठला, माझी ही उठली नाही. का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी विचारीन. पण त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी एकटा नव्हतो, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन.

तेव्हा शब्द फुटत नसतील तर ओढून आणू नकोस. प्रभूची प्रार्थना पुटपुट. "आमच्या स्वर्गातील पित्या" एवढ्यावरच अडलास तरी चालेल, पुढची आम्ही इथे म्हणतो. बुधवारच्या सभेत वहिनींचं नाव घेतल्याशिवाय आमेन होत नाही.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने येतो. डायलिसिसचे ते चार तास मी वहिनींजवळ बसेन, तू घरी जाऊन झोप. नुसता पडू नकोस, झोप. येताना ताई भाकरी आणि दोडक्याची भाजी देणार आहे. त्यांना दोडका चालतो का आणि भाजीत मीठ किती घालायचं, ते डॉक्टरांना विचारून बुधवारपर्यंत कळव.

तुझाच,
जिवाभावाचा मित्र