घरचे कोच, बाहेरचे कोच

मेलबर्न,
रविवार

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "कोचचं कसलं कौतुक, कप्तान नीट असला की झालं." क्रिकेटपुरतं मान्य. इकडच्या फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, कप्तान बाकीच्या सतरा जणांबरोबर उर फुटेस्तोवर धावत असतो. डावपेच ठरतात वर, काचेच्या खोलीत बसलेल्या कोचकडे, आणि त्याचे निरोप घेऊन रनर मैदानात पळतो. विषय आमच्या कॉलिंगवूड क्लबचा आहे, तेव्हा पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

या क्लबला घरच्या माणसाचं भारी वेड, आणि १९५८ नंतरचा एकूण एक कप मात्र बाहेरच्याने आणलाय!

वेडाचं मूळ जॉक मॅकहेल. याच क्लबचे खेळाडू, १९१२ ला कोच झाले ते थेट १९४९ पर्यंत. ७१४ सामने, आठ कप, त्यातले चार ओळीने, १९२७ ते १९३०. नोकरी बिअरच्या कारखान्यात. गंमत म्हणजे १९३० च्या फायनलला ते फ्लूने घरी पडून होते. मध्यंतरात पोरांना चेतवलं ते खजिनदार बॉब रश यांनी, पण कप मॅकहेलांच्याच खात्यात गेला. त्यांचा वारस फॉन्स काइन, तोही घरचाच. त्याने १९५३ चा कप आणला आणि काही दिवसांतच मॅकहेल गेले. १९५८ मध्ये मेलबर्न क्लब ओळीने चौथा कप उचलायला निघाला होता. काइनच्या पोरांनी त्यांना फायनलमध्ये अडवलं आणि म्हाताऱ्याचा विक्रम शाबूत राहिला.

इथून साडेसाती लागली. पुढचा घरचा कोच बॉब रोझ तर क्लबच्या गळ्यातला ताईत. तो तीन फायनल हरला: १९६४ ला चार गुणांनी, १९६६ ला एका गुणाने, आणि १९७० ला मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी असताना दहा गुणांनी, तीही हाडवैरी कार्लटनकडून! तो दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्यांसमोर आजही १९७० हा शब्द काढायची सोय नाही. १९७६ ला संघ पहिल्यांदाच तळाला गेला, तेव्हा कुठे नाक मुठीत धरून बाहेरचा कोच आणला.

तो टॉम हेफी. शेजारच्या रिचमंडला चार कप मिळवून दिलेला, अंगाला चिकटलेल्या टी-शर्टात वावरणारा, व्यायामाने झपाटलेला. त्याने तळाचा संघ पुढच्याच वर्षी फायनलला नेला. नॉर्थ मेलबर्नशी ७६-७६ अशी बरोबरी झाली, आठवड्याने फेरसामना खेळले आणि २७ गुणांनी हरले. १९७९, १९८० आणि १९८१ लाही फायनल गाठून हार. १९८२ मध्ये मोसम अर्ध्यावर असताना त्याला काढलं. मला विचारशील तर या सगळ्यांत माझा आवडता हाच, कप नसला तरी.

पुढचा बाहेरचा कोच लेह मॅथ्यूज, हॉथॉर्न क्लबचा. त्याने १९९० ला ३२ वर्षांचा दुष्काळ संपवला. त्या संघाचा कप्तान टोनी शॉ पुढे कोच झाला आणि १९९९ ला पुन्हा तळ गाठला. मग आला मिक मॉल्टहाउस, तोही बाहेरचा. २००९ मध्येच क्लबने लिहून ठेवलं की २०११ नंतर खुर्ची नेथन बकलीची. बकली म्हणजे आमचा जुना कप्तान, क्लबचं दैवत. झालं काय, मॉल्टहाउसने २०१० चा कप जिंकला, २०११ ला साखळीतले २२ पैकी २० सामने जिंकून फायनल गाठली, आणि करार झालाय म्हणून त्याला उठवलं! ती फायनल हरल्यावर तो क्लबच सोडून गेला. बकलीचा राग येत नाही, त्याचं नशीबच फुटकं. २०१८ च्या फायनलमध्ये पहिले पाचही गोल आमचे. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना वेस्ट कोस्टच्या डॉम शीडने सीमारेषेला खेटून, अगदी अरुंद कोनातून चेंडू खांबांमधून काढला. पाच गुणांनी गेलो.

आणि आता क्रेग मॅकरे. २००२ आणि २००३ ला आम्हाला फायनलमध्ये हरवणाऱ्या ब्रिस्बेनचा हा खेळाडू, आणि तिथे त्याचा कोच कोण, तर आमचाच जुना मॅथ्यूज! मॅकरेने अठरांत सतरावा आलेला संघ हाती घेतला आणि २०२३ ला त्याच ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून कप आणला. फायनलच्या सकाळीच त्याला मुलगी झाली होती.

तरी बघ, मॅकरे गेला की पुन्हा एखादा घरचाच हिरो शोधतील. पैज लावतोस?

काकूंना नमस्कार. उत्तर पाठव, नुसता अंगठा नको.

तुझा,
मंदार