उजवी बाजू

कराड,
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. रेवती हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकशील म्हणून आधीच लिहितो, इकडे सगळं ठीक आहे. आईची साखर ताब्यात आहे. आजी जेवते आणि भांडते. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो अण्णा, हो अण्णा" करतेस आणि मला पुढचं सुचत नाही. शिवाय फोन स्पीकरवर टाकायची तुझ्या आईला सवय, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

३ जूनला सायकल दिन म्हणून तू झेड पुलावरचा फोटो पाठवलास. छान आलाय. मागे नदी, दिवे लागायची वेळ, कठड्याला टेकलेली सायकल आणि शेजारी तू. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी तो दाखवला. पंक्चरला आलेल्या पोरांनासुद्धा. रात्री शटर ओढल्यावर चष्मा लावून परत बघितला, बोटांनी मोठा करून. सायकलचा फोटो सगळे चेनच्या बाजूनंच काढतात, तूही तसाच काढलास. उजव्या ब्रेकच्या दांडीचं टोक खरवडलंय. उजव्या पायडलची बाहेरची कड चकाकतेय. चेन कव्हरवर, जिथं मी दोन हात रंग मारला होता, तिथं रुपयाएवढा पोचा आहे. हँडल चाकाशी सरळ नाही, बोटभर फिरलंय. आणि संध्याकाळी सात वाजता, ऊन नसताना, तू सनकोट घालून उभी आहेस.

रेवू, तू पडलीस. आणि उजव्या अंगावर पडलीस.

कुठे, कधी, किती लागलं, काही विचारणार नाही असं ठरवून लिहायला बसलोय. चाळीस वर्षं पडलेल्या सायकली सरळ करतोय, पडणं मला नवीन नाही. सायकल चालवणारा पडतोच. फक्त डावीकडे पडलेला माणूस फुटपाथला नाहीतर गटाराला लागतो, गुडघा फुटतो, चार दिवस लंगडतो. उजवीकडे पडलेला रस्त्यात पडतो. मागून काय येतंय ते त्याच्या हातात राहत नाही.

माझा अंदाज सांगतो, चुकला तर हस. महिनाअखेरीला तिकडे वळीव झाला म्हणालीस. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, डांबराचं साबण होतं. त्यात चेंबरचं लोखंडी झाकण नाहीतर पांढरा पट्टा आला असणार, आणि तू उजव्या हाताचा ब्रेक एकटा दाबलास. तो पुढच्या चाकाचा. ओल्यात पुढचं चाक निसटलं की माणूस सावरत नाही. दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, मागचा आधी, आणि झाकणावर असताना एकही नाही. हे मी तुला सातवीत सांगितलं होतं. आठवीतही सांगितलं होतं. बरं, राहू दे. आता तू म्हणशील, अण्णा सुरू झाले.

खरं तर मला दुसरंच लिहायचं होतं. तू खोली बदललीस ते बरं केलंस. कर्वेनगरहून शिवाजीनगर सहा-सात किलोमीटर, एवढं अंतर रोज चालवायला चांगलं, अंग मोकळं राहतं. कर्वे रस्ता सोडून डीपी रोडनं जातेस हेही शहाणपणाचं. फक्त त्या रस्त्याला ओळीनं कार्यालयं आहेत, लग्नसराईत संध्याकाळी वरात, घोडा, बँड आणि दारातच थांबवलेल्या गाड्या. उभ्या गाडीच्या दारापासून हातभर लांब राहत जा. कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही, आणि दार चुकवायला माणूस वळतो तो उजवीकडेच.

बघ, परत तिथंच आलो.

नदीपात्रातल्या रस्त्याचं मात्र ऐक. म्हात्रे पुलावरून खाली उतरून भिडे पुलाकडे जातेस म्हणालीस, सिग्नल लागत नाही म्हणून. आत्ता ठीक आहे. पण खडकवासल्यातनं पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तो रस्ताही जातो. पुण्याची माणसं त्याचे फोटो काढायला जमतात. तुला वाटेल घोटाभर तर पाणी आहे, चाक निघेल. निघत नाही. आपल्या घाटावर कृष्णेचं पाणी पायऱ्या चढताना तू बघितलंयस, एवढंच आठव. आणि त्या मुठेनं १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर काय केलं ते माईआत्या अजून सांगते, तिच्या सासरच्या वाड्याची कुठली भिंत गेली तेसुद्धा.

मी पुण्यात होतो तेव्हा मला कोणी हे असलं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. १९८५ साली बोपोडीला खोली होती, चौघांत एक. सकाळी सहाला निघायचं, हॅरिस पूल, दापोडी, फुगेवाडी, नाशिक फाटा करत भोसरी. पुलावर सायकलींचा नुसता लोंढा. डबे हँडलला, कोणाचा कॅरिअरला, कोणाच्या मागे डबलसीट दोस्त आणि पोलीस दिसला की तो उडी मारून चालत सुटायचा. पोलीस हवा सोडायचे. घंट्यांचा असा आवाज की बोलायचं तर ओरडायला लागायचं. पुणं सायकलींचं शहर म्हणत होते ते उगाच नाही. त्या गर्दीत मी तीनदा पडलो, एकदा उजवीकडेच. पण उजवीकडे काय होतं? दुसरी सायकल. मी त्याच्यावर, तो तिसऱ्यावर. पाच-सहा जण आडवे झाले, शिव्या दिल्या, एकाच्या डब्यातली उसळ माझ्या शर्टावर आली. त्यानं उरलेली चपाती मला दिली आणि आम्ही पुढे गेलो. चौदा महिने काढले तिथं. मग तुझ्या आजोबांचं झालं आणि मी परत आलो, दुकान उघडलं.

आता तुझ्या उजवीकडे सायकल नाही गं. बस आहे, डंपर आहे, घाईतली रिक्षा आहे. बसवाल्याचा दोष नाही. त्याच्या आरशात तू दिसतच नाहीस. म्हणून बस थांब्याकडे घ्यायला लागली की तिच्या डाव्या अंगाला शिरू नकोस, मागे थांब. दोन मिनिटं उशीर झाला तर लॅबला आग लागत नाही. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर मधोमध जाऊन हात दाखवत बसू नकोस. उतर, सायकल हातात धर, झेब्रावरून चालत जा. पुण्यात चालत सायकल ढकलणाऱ्याला कोणी हसत नाही, आणि हसला तर हसू दे.

हे लिहिताना मला दुकानातली वरची सायकल दिसतेय. तुला माहीत आहे कुठली. वसंताची. तू लहान असताना विचारायचीस, ही का विकत नाही, आणि मी सांगायचो हिचं फ्री व्हील मिळत नाही. मिळतं. तिची डावी बाजू अजून नवीसारखी आहे, नगरपालिकेचा बिल्लासुद्धा डावीकडे तसाच. उजव्या बाजूचं मी तुला लिहीत नाही. फोटो मोठा करून बघताना माझा हात का थांबला, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं. तू समज.

मी घाबरट बाप नाही. गावातल्या पहिल्या चार-पाच मुली सायकलवर शाळेत जायला लागल्या त्यातली एक तुझी आत्या, आणि आजोबा ओरडत असताना तिला मागून धरून पळालेला मीच होतो. तुला प्रीतिसंगमाच्या बाजूला शिकवलं तेव्हा तू हाफ पायडलवरून सीटवर एका दिवसात आलीस. उतारावर हात सोडलेस आणि मी मागे ओरडत राहिलो. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. रात्री आई मला बोलली, मी तिला बोललो, आणि तू आतून ओरडलीस, "उद्या परत जायचंय." ते मला अजून पुरतंय.

आणि पायडलचं आठवतं? दुकानात बसून तू पायडल काढायचा हट्ट धरलास, पाना लावलास आणि जितका जोर लावशील तितकं ते घट्ट होत गेलं. रडकुंडीला आलीस. मग मी दाखवलं, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. का, विचारलंस. म्हटलं, सरळ ठेवला तर पाय मारता मारता आपोआप सुटून येईल. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांना हाच प्रश्न घातलास आणि त्यांना येईना, ते त्यांनी मला बाजारात गाठून सांगितलं. राग नव्हता त्यांना. मला मात्र दिवसभर पेढे वाटावेसे वाटले.

परवा एक गिऱ्हाईक तुझा फोटो बघून म्हणाला, "एवढी शिकली, पगार चालू झाला, आता गाडी घेऊन द्या की तिला." मी म्हटलं, आहे की गाडी, फोटोत दिसत नाही का? तो गेला. पण खोटं कशाला बोलू, रात्री मी हिशेब केला. सोसायटीच्या पैशातनं उरतात तेवढ्यात हप्ता बसतो. मग वाटलं, तुला दुचाकी दिली म्हणजे माझी काळजी जाईल असं थोडंच आहे? ती पण दोन चाकांवरच. आणि मी कोण आहे, सायकलवाला. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तोही ३ जूनच, २०२० सालचा, सायकल दिनाच्याच दिवशी. लोक म्हणाले आता तुम्हीपण मोबाइलचं काहीतरी काढा. मी शेडवरची त्यांची पाटी पुसून परत लावली. असा माणूस आपल्याच पोरीला सायकल सोड कुठल्या तोंडानं सांगणार?

सोड म्हणत नाही. फक्त पडलीस तर सांगत जा. लपवलंस त्याचा राग नाही, म्हणजे थोडा आहे, पण सनकोटाखाली लपवलेलं मला फोटोत शोधायला लावू नकोस. सायकल मी बांधली आहे. चाकाची एकेक तार मी ओढली आहे. तिला काय झालं ते मला कळायला पाहिजे. तिला म्हणतोय मी.

रविवारी नंदू स्वारगेटला येतोय, सकाळच्या एसटीनं. त्याच्याकडे एक पिशवी देतोय. वरच्या डब्यात आईचा चिवडा, ते तुला माहीत. खाली कागदात गुंडाळलेलं माझं: ब्रेक रबरांच्या दोन जोड्या, एक मागचा लाल दिवा सेलवर चालणारा, एक रिफ्लेक्टर, उजवं पायडल एक आणि पंधराचा पाना. पायडल तू स्वतः बसव, कोणाकडे नेऊ नकोस. उजवं आहे, त्याचा आटा सरळ. हँडलचा वरचा बोल्ट दोन आटे ढिला कर, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एकच ठोका मार, मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ कर आणि बोल्ट आवळ. हवा पन्नास पौंड ठेव, पावसात दोन-चार कमी चालेल. लाल दिवा अंधार पडल्यावर नाही, पडायच्या आधी लावायचा. मागच्याला तू दिसायला पाहिजेस. तुला रस्ता दिसतो की नाही हा दुसरा प्रश्न.

कुलूप साखळीचंच वापर, आणि फक्त चाकाला नको, सांगाड्यातून घेऊन खांबाला. तुझ्या इमारतीतला वॉचमन चांगला आहे म्हणतेस, तरी.

घरभाडं वेळेवर जातंय ना? दुपारचं जेवण डब्यातलं की बाहेरचं? आजी विचारते, तिकडे ज्वारी मिळते का. मी म्हटलं पुणं आहे, अमेरिका नाही. तरी विचार म्हणाली, म्हणून विचारलं.

फार लिहिलं. अक्षर तिरकं गेलंय, दुकानातला दिवा फडफडतोय. पत्र आईला दाखवू नको असं नाही, पण ती दिवाळीला येईल तेव्हा तुझ्या कपाटात सापडणार नाही असं ठेव. तिला मी म्हटलंय तुला आधार कार्डाचं काही पाठवतोय.

तुझा
अण्णा

ता. क. पायडल बसवलंस की एक फोटो पाठव. या वेळी डाव्या बाजूनंही काढ, मला नुसतं साखळीकडचंच बघायचं नाही. आणि एक कोपराचा. सनकोट काढून.