हादरा नेमका कधी बसतो, हे विचारणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

पांढऱ्या डिझेल हॅचबॅकवाली ताई बोलतेय. त्या दिवशी बिल देऊन घाईघाईत निघाले, धड दोन शब्दही बोलले नाही. आता गाडी पुणे-सातारा नियमित धावतेय, खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवर पाय दाबला तरी बुडाखालची सीट हलत नाही. तेव्हा आभार मानायचे ते चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र.

पाय दाबला की गाडी थरथरायची, आणि तुमच्याकडे येण्याआधी त्यासाठी गाडीवर बरेच हात फिरले होते. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, पुढचे टायर मागे गेले. एकाने "डिझेल आहे मॅडम, एवढं थरथरायचंच" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर मारली, कट-कट आवाज येत नाही म्हणजे एक्सल (चाक फिरवणारा दांडा) ठीक, असं सांगितलं आणि क्लच सेटचं इस्टिमेट हातात ठेवलं. तेही माझ्या नवऱ्याच्या हातात! गाडी रोज मी चालवते, तो शेजारी बसून डुलक्या काढतो. तरी प्रत्येक जण गाडीचं दुखणं त्यालाच विचारत होता.

तुम्ही पहिला प्रश्न केलात, "रोज कोण चालवतं?" "मी" म्हटल्यावर स्टूल पुढे सरकवलंत आणि माझ्याकडे वळलात. हादरा पाय दाबल्यावर येतो की वेग धरल्यावर? स्टेअरिंगमध्ये लागतो की सीटखाली? पाय काढला की लगेच थांबतो का? गाडीत माणसं भरली की वाढतो का? पाना अजून पेटीतच होता. इतक्या बारकाईने तर आमचे फॅमिली डॉक्टरही विचारत नाहीत.

मग बॉनेट उघडून मला गाडीत बसवलंत. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरवर क्लच किंचित सोडायला लावलात, मग रिव्हर्सवर तसंच, आणि स्वतः इंजिन किती झुकतं ते पाहत राहिलात. इंजिन धरून ठेवणाऱ्या खालच्या माउंटिंगचं रबर चिरलंय, पण एवढा हादरा त्याचा नाही, असं म्हणालात. न्यूट्रलवर रेस दिली, इंजिन सुतासारखं सरळ वाजलं. इंजेक्टर नीट डिझेल मारत नसता तर गाडी उभ्या जागीही हलली असती, हे तेव्हा कळलं.

पण खरी मजा ट्रायलला आली. हायवेला लागून लिंब फाट्याकडे निघालो. चालवत मी होते, तुम्ही शेजारी, हात सीटच्या कडेवर. ऐंशीला पाचव्या गिअरवर पाय दाबायला सांगितलात, थरथर आली. "आता क्लच दाबा, पाय काढा." वेग तोच, गाडी नुसती घरंगळतेय आणि अगदी गुळगुळीत. टायर किंवा डिस्क वाकडी असती तर आताही हलली असती, म्हणजे चाकं सुटली. मग त्याच ऐंशीला चौथा टाकायला लावलात. इंजिनचे फेरे वाढले, थरथर मात्र होती तशीच. फेऱ्यांबरोबर ती बदलली असती तर इंजिनकडे बोट गेलं असतं. "आणि क्लचचा हादरा गाडी उचलताना, हाफ क्लचवर येतो," तुम्ही म्हणालात, "क्लच पूर्ण सुटल्यावर तो कशाला हलवेल?" इस्टिमेट माझ्या पर्समध्येच होतं. परतताना यवतेश्वरचा घाट थोडा चढून पाहिला. जोर लावला की थरथर, पाय हलका केला की गायब. तिथेच तुम्ही सांगून टाकलंत, "आतला जॉइंट."

आतला म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा सांधा. बाहेरचा चाकाकडे असतो, तो गेला की वळणावर कट-कट करतो, एवढंच लोकांना माहीत असतं. आतल्याचं दुखणं वेगळं, ते फक्त जोर पडल्यावर बोलतं, सरळ रस्त्यावर. तुम्ही डावा शाफ्ट काढून बूटची, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी टोपणाची पट्टी कापलीत, तीन रोलरांचा काटा कपातून ओढलात आणि काळंकुट्ट पातळ ग्रीस चिंधीने पुसून कप माझ्यासमोर धरलात. "नख फिरवा." कपात रोलर सरकायला तीन खाचा असतात. वरच्या भागात नख सरळ सरकलं, आणि मधे अडकलं. डोळ्याला नुसती चकाकी दिसत होती. पाटा वरवंट्याने नेमका मधे झिजावा, तसा तो खळगा होता. रोलर रोज त्याच जागी चालतो, म्हणून झीजही तिथेच. जोर लावला की तो खळग्यात अडकत, उसळत जातो.

घरी आल्यावर मी हिशोब केला (शाळेत गणित शिकवते, सवय जात नाही). माझे टायर १६५/८० आर १४, म्हणजे घेर साधारण १.९५ मीटर. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला अकरापेक्षा जरा जास्त फेरे घेतं. दर फेऱ्याला तीन रोलर, म्हणजे सेकंदाला चौतीसच्या आसपास धक्के. ती सीटखालची घरघर इथून येत होती. गिअर कुठलाही असो, चाकाचे फेरे तेच, म्हणून चौथ्या-पाचव्यात फरक नव्हता. आणि या डिझेल इंजिनचा जोर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपासच सगळ्यात जास्त, म्हणून नेमका पाय दाबल्यावर ती जागी व्हायची.

दुसऱ्या दिवशी जॉइंट, बूट आणि ग्रीस नवं, शाफ्ट काढताना सांडलेलं गिअर ऑइल भरलेलं, हबचा नटही नवा. जुना नट पुन्हा वापरायचा नसतो, हे मी न विचारताच सांगितलंत. चिरलेलं माउंटिंगही बदललंत. सगळं मिळून बिल त्या क्लचच्या इस्टिमेटच्या पाव हिश्शालाही पोचलं नाही, आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिलेत.

आता एक काम. धाकटे दीर लोणंदहून त्यांची जुनी जीप घेऊन शनिवारी येतील. त्यांना काही विचारू नका, "हलते" यापलीकडे ते बोलणार नाहीत. मी चालवून पाहिली आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उचलताना हादरते, वेग धरला की शांत. माणसं भरली की जास्त. उभ्या गाडीत रेस दिली तर काही नाही. जोर मागच्या चाकांना जाणारी गाडी, म्हणजे मला प्रोपेलर शाफ्टचा (तो जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा वाटतो, पण हाफ क्लचची शंकाही जात नाही. बघा तुम्ही, आणि मलाच फोन करा.

तुमची,
साताऱ्याची ताई