ज्येष्ठांना चालण्याबरोबर तोल सांभाळायलाही शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकेक बातमी येऊ लागते. कुणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरले, कुणी न्हाणीघरात, कुणी अंगणातल्या शेवाळावर. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘खुबा तर नाही ना मोडला?’ खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक आहे: शस्त्रक्रिया, मग कितीतरी महिने दुसऱ्याच्या आधाराने उठणे-बसणे आणि अनेकांच्या बाबतीत एकट्याने घराबाहेर जाणे कायमचे बंद.

यावर ‘वय झालं, चालायचंच’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मला हे अजिबात मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राण गमावतात आणि त्यांत साठीपुढची माणसे सर्वाधिक असतात. पण पडणे बऱ्याच अंशी टाळता येते, याचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. २०१९ मध्ये आरोग्यविषयक संशोधनांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २५ देशांतल्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. तोलाच्या व्यायामांना स्नायूंची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांची जोड दिली, तेव्हा ही घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र त्यातून ठामपणे सिद्ध झाले नाही.

नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. सकाळी बागेत फेऱ्या मारल्या की व्यायाम झाला, असे आम्ही धरून चालतो. चालणे चांगलेच आहे. हृदयाला, साखरेला, मनाला त्याचा फायदा होतो. पण सपाट वाटेवर सरळ चालताना माणूस सहसा पडत नाही. तो पडतो वळताना, उंबरा ओलांडताना, रात्री लघवीला घाईने उठताना, भरलेली बादली उचलताना. ठेच लागल्यावर पुढचे पाऊल झटकन टाकून शरीर सावरायचे असते आणि ते काम मांड्या, नितंब व घोट्यांचे स्नायू करतात. वयाबरोबर हे स्नायू झडतात, पाऊल पुरेसे उचलले जात नाही. पूर्वी पाटावर बसून जेवण, जमिनीवर अंथरूण, उकिडवे बसून कामे यांमुळे दिवसभर आपोआप उठबस होत असे. आता जेवायला टेबल, झोपायला पलंग आणि कमोड आले. गुडघे दुखणाऱ्यांना ते हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेलेली उठबस दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने परत आणायला हवी.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ते करून दाखवले. त्यांच्या एका चाचणीत तर सगळ्या स्त्रिया ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाच्या होत्या. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन पाय बळकट करणारे आणि तोल सुधारणारे व्यायाम शिकवायचे, झेपेल तसे ते वाढवत न्यायचे, आठवड्यातून तीनदा ते करायचे आणि त्याशिवाय चालायचे, अशी ही पद्धत. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचे आणि त्यातून होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले.

यातल्या बहुतेक व्यायामांना जागा थोडी लागते आणि खर्च जवळपास नाही. हात न टेकता खुर्चीतून उठायचे, सावकाश बसायचे. ओट्याला धरून चवड्यांवर उभे राहायचे, मग टाचांवर. एका पायावर उभे राहायचे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला जुळवत भिंतीकडेने चालायचे. आधार पहिल्याच दिवशी सोडायचा नाही. दोन हात, मग एक हात, मग बोटे, असा तो कमी करत जायचे. उठल्यावर चक्कर येत असेल, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा मोतीबिंदू असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. आणि एकदा पडून गेलेल्यांनी तर हे टाळूच नये. पुन्हा पडण्याच्या धास्तीने माणूस हालचाल कमी करतो, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि धोका वाढतच जातो.

आपल्या शासनाने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आणली. काठी, वॉकर, चष्मा, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना ३,००० रुपये मिळतात. योजना उपयोगाची आहे. पण काठीबरोबर पाय बळकट करण्याचे शिक्षणही मिळाले पाहिजे आणि त्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेला हास्यक्लब आज आपल्या शहरांतल्या कितीतरी बागांत रोज सकाळी भरतो. विरंगुळा केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. महापालिका व नगरपालिकांनी जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयांशी बोलून आंतरवासिता करणारे विद्यार्थी, त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून तीन दिवस तिथे पाठवावेत. येत्या १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी शाल-श्रीफळाच्या सत्कारांबरोबर निदान एका प्रभागात तरी ही सुरुवात करावी.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. सकाळच्या बागेत आम्ही पुरुषच जास्त दिसतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, त्यामुळे पडण्याचा फटका त्यांना अधिक बसतो. पण सकाळच्या वेळी घरोघरच्या आजी स्वयंपाकघरात असतात, नातवंडांचे डबे भरत असतात. म्हणून हे वर्ग केवळ सकाळी सहाला बागेत ठेवून भागणार नाही. दुपारी देवळाच्या सभामंडपात भजनी मंडळे जमतात, तिथे अभंग सुरू होण्याआधी अर्धा तास हे व्यायाम शिकवावेत आणि शक्यतो शिकवणारी मुलगी असावी, म्हणजे आजी संकोच न करता विचारतील.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली