रेड रॉक कॅन्यन: शनिवारच्या चढाईबाबत सूचना

सर्व सदस्यांनी नोंद घ्यावी.

पाऊस पडला तर शनिवारची चढाई रद्द, मग कितीही लखलखीत ऊन पडलेलं असो. नेवाडातला हा लाल वालुकाश्म पाणी शोषतो आणि ओला असताना ठिसूळ होतो. वरून सुकलेला दिसला तरी आतून ओलाच असतो. हाताने धरलेला दगड तुटतो, दगडात ठोकलेले बोल्टही भरवशाचे राहत नाहीत. कड्याच्या पायथ्याची माती उकरून पाहा, दमट लागली तर दोरी पिशवीतच राहू द्या. मोठ्या पावसानंतर 24 ते 72 तास थांबायचं. यावर वाद नको.

1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात गाडी आत नेण्यासाठी वेळेचं आरक्षण लागतं, ते आजच करा. आतला 13 मैलांचा रस्ता एकेरी आहे; वळण चुकलं की पूर्ण फेरा मारावा लागतो. उंच मार्गांवर जाणाऱ्यांनी उशिरा बाहेर पडण्याचा परवाना आधीच काढावा.

पाणी भरपूर घ्या. रानगाढवं गोड दिसतात, पण त्यांना खाऊ घालायला मनाई आहे. आणि हो, मान वर करून बघा: लाल दगडावर त्याहून जुना करडा चुनखडक चढून बसलाय!